बाप्तिस्म्याच्या आधीची आणि नंतरची वर्षे

सप्टेंबर १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा मुलगा. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अजाण वयाचा होता, पण भावाच्या मागे निघाला होता आणि रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. खरा वाद त्यानंतर पेटला. मिशनऱ्याच्या घरी जेवलेला हा मुलगा जातीत परत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि मुंबईतली सनातनी मंडळी खुद्द बाळशास्त्र्यांवरच उलटली. ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी ‘दर्पण’ काढले, त्यांच्यावर बहिष्काराची पाळी आली.

मराठी वाचकाला हे प्रकरण ठाऊक असते ते बाळशास्त्र्यांमुळे. त्यात श्रीपतचे नाव येते, वडिलांचे दुःख येते, पुण्या-मुंबईच्या शास्त्र्यांची भांडणे येतात. थोरला भाऊ मात्र गोष्टीतून गळून पडतो. तो बाटला, संपला, असेच जणू इतिहासाने ठरवून टाकले. प्रत्यक्षात तो सुमारे वीस वर्षांनी निजामाच्या मुलखात, कुंडलिकेच्या काठच्या जालन्याला आला आणि मराठवाड्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या सुरुवातीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. मी हे अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला बसून लिहीत आहे. इथून पाहताना श्रीपतपेक्षा नारायणाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिचा पुढचा भाग याच जिल्ह्यात घडला.

मराठी ख्रिस्ती मंडळीचे पुढारपण केलेली माणसे मुळात त्या श्रद्धेपर्यंत कशी पोचली, हा या पुस्तकाचा विषय आहे. नीळकंठशास्त्री गोरे, बाबा पदमनजी, नारायण शेषाद्री, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई. ही नावे वेगवेगळ्या संदर्भांत अनेकांनी ऐकलेली असतात. टिळक फुलामुलांचे कवी म्हणून, रमाबाई स्त्रीशिक्षणाच्या धड्यात, पदमनजी पहिल्या कादंबरीच्या प्रश्नात. त्यांच्या आयुष्याचा जो मध्य होता त्याला मात्र आपण वळसा घालून जातो. कुणी संकोचाने, कुणी रागाने. या प्रस्तावनेत मला त्या मध्याकडे नेणारी वाट दाखवायची आहे.

मंडळीत याला ‘साक्ष’ म्हणतात. रविवारच्या उपासनेत, प्रार्थनासभेत कुणीतरी उभा राहतो आणि सांगतो, मी असा होतो, अमुक दिवशी प्रभू मला भेटला, आज मी असा आहे. मी अशा साक्षी आदराने ऐकत आलो आहे. बोलणाऱ्याचा कंठ दाटून येतो तेव्हा त्यात खोटे काही नसते. पण साक्ष दहा मिनिटांत संपवावी लागते आणि म्हणून तिच्यात वर्षे मावत नाहीत. दुसऱ्या बाजूला, मंडळीबाहेरच्या जगाकडेही एक ठरीव गोष्ट तयार असते. मिशनऱ्याने फूस लावली, नोकरी दिली, दुष्काळात धान्य दिले, म्हणून हा बाटला. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरी दिसतात, पण दोघींचा दोष एकच आहे. दोघींनाही माणसाने विचार केला ती वर्षे नको असतात. ज्यांची चरित्रे आपल्यापुढे आहेत त्यांना निर्णयाला कितीतरी वर्षे लागली, आणि निर्णयानंतरही त्यांचा शोध थांबला नाही. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढची पाने वाचून काहीच हाती लागणार नाही.

गोऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांची गोष्ट या दोन्ही साच्यांत बसत नाही. नीळकंठ गोरे १८२५ मध्ये झाशीजवळच्या काशीपूरला एका चित्पावन घरात जन्मले आणि काशीत वाढले. शास्त्रे शिकले. त्या काळात जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची बाजू पंडितांपुढे मांडली होती. त्याला उत्तर द्यायला जे पंडित पुढे झाले त्यांत विशीतही न पोचलेला नीळकंठ होता. त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ लिहिला, तोही संस्कृतात, वेदप्रामाण्याच्या बाजूने, पूर्ण ताकदीने. म्हणजे हा माणूस बायबलकडे गेला तो शत्रूचा किल्ला पाहायला जावे तसा. खोडून काढायचे म्हणून वाचू लागला. वाचता वाचता स्वतःचेच आक्षेप त्याला अपुरे वाटू लागले. मार्च १८४८ मध्ये, काशीपासून दूर जौनपूरला, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले.

यात फूस कुठे आली? धान्य कुठे आले? ज्याच्या घरात विद्या आणि मान दोन्ही होते, त्याने ते सोडले. आणि साक्षीच्या साच्यातले ‘आता सारे स्वच्छ दिसते’ हेही त्यांच्या वाट्याला आले नाही. नेहेम्या गोरे पुढे आयुष्यभर शंकांनी पोळत राहिले. प्रीस्ट म्हणून त्यांना दीक्षा मिळाली ती १८७० मध्ये, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी. हिंदी वाचकांसाठी त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिला, प्रार्थनासमाजी आणि ब्राह्मोसमाजी मित्रांशी वाद घातले, पुण्या-मुंबईत अत्यंत साधेपणाने राहिले आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. शंका हे अविश्वासाचे लक्षण मानणाऱ्या उपदेशकांनी गोऱ्यांचे चरित्र दोनदा वाचावे असे मला मनापासून वाटते. ज्याला बुद्धीने पटल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही अशा माणसाची श्रद्धा कशी असते, याचे मराठी माणसाच्या आयुष्यातले इतके चोख उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

बाबा पदमनजींचा रस्ता वेगळा. ते १८३१ चे, बेळगावच्या कासार घरातले. घरात भाविकपणा भरपूर होता. शिक्षणासाठी मुंबईला आले आणि तिथे परमहंस सभेत शिरले. दादोबा पांडुरंगांच्या वर्तुळातली ही गुप्त मंडळी. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा मानायची नाही, परजातीच्या हातचे खायचे, पण सारे दार लावून. बाहेर पडले की पुन्हा आपापले सोवळे. पदमनजींना हे फार दिवस सोसले नाही. आत एक आणि बाहेर एक असे जगण्याचा त्यांना वीट आला. मला वाटते त्यांच्या ख्रिस्ती होण्यात मिशनरी शिक्षकांच्या शिकवणीइतकाच या बंद दाराचा वाटा होता. ३ सप्टेंबर १८५४ ला बेळगावात त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ आले. विधवांच्या हालांवरचे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानतात. पुढे ते पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळक झाले, काही वर्षांनी ते काम सोडले आणि उरलेले आयुष्य लेखणीवर घालवले. शंभराच्या आसपास पुस्तके, शब्दकोश, बायबलच्या टीका, आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र.

‘अरुणोदय’ हे या विषयातले पायाभूत पुस्तक आहे. मराठीतल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक. आणि ते लिहिले गेले ते माझा धर्म मी का बदलला याचा जबाब म्हणून. मराठीत स्वतःबद्दल सविस्तर लिहिण्याची रीत रुजली त्यात धर्मांतरितांना द्यावा लागलेला हा जबाब मोठे कारण होता, असे माझे मत आहे. ज्याला कुणी प्रश्न विचारत नाही त्याला आत्मचरित्राची गरज भासत नाही. पदमनजींना घर, जात, शाळासोबती, सारेच विचारत होते.

या प्रश्नांमागे काय पणाला लागलेले असे, ते आजच्या वाचकाने समजून घ्यायला हवे. धर्म सोडला की वडिलार्जित मिळकतीवरचा हक्क जाई. तो जाऊ नये म्हणून १८५० मध्ये सरकारला कायदा करावा लागला. लग्नाचे काय? नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको सासरी परत यायला तयार नसली तर दोघांचेही आयुष्य टांगणीला लागे, म्हणून १८६६ मध्ये वेगळा कायदा झाला. कायद्याने मिळकत वाचली, पण पंगत वाचली नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहाबिस्किटे आली एवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले, आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. नुसता चहा! त्यानंतर पाचच वर्षांनी कोकणातल्या करजगावचा एक चित्पावन कवी मुंबईत जाऊन बाप्तिस्मा घेतो, तेव्हा तो काय सोडत होता याचा अंदाज या चहावरून करावा.

नारायण वामन टिळकांच्या प्रवासाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी त्यातली एक गोष्ट पुन्हा सांगतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्याशी धर्मावर गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत दिली. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना कळले नाही. त्यांनी ते पुस्तक वाचायचे कबूल केले होते म्हणून वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते खिळले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मराठी पाळकाच्या हातून. गाडीतला प्रसंग सगळे सांगतात, कारण तो साक्षीच्या साच्यात छान बसतो. पण त्या आधीची दहापंधरा वर्षे कुठे गेली? टिळक तोवर गावोगाव भटकत होते, घर टाकून निघून जात होते, कीर्तने करत होते, शास्त्रे पालथी घालत होते, जातिभेद नसलेला एखादा नवा धर्म आपणच काढावा या विचाराने झपाटले होते. आगगाडीत त्यांना पुस्तक मिळाले ते इतकी भटकंती झाल्यावर. आणि पुस्तक मिळाल्यानंतरही दोन वर्षे ते पत्रे लिहीत, वाद घालत, मागेपुढे करत राहिले.

तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक मानत. हे वाक्य मिशनच्या पुस्तकांत अलंकारासारखे मिरवले जाते. टिळकांच्या लेखी ती वस्तुस्थिती होती. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, ‘ख्रिस्तायन’ आरंभले. मराठी मंडळी आज रविवारी जी ‘उपासना संगीत’ उघडतात त्यात अडीचशेच्या आसपास गीते त्यांची आहेत. परक्या चालीवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी घरची चाल आली, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्या मंडळीला आपली श्रद्धा तोंडपाठ झाली. गावच्या एखाद्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईला बायबलमधले वचन अडखळत सांगता येते, पण टिळकांचे गीत ती न अडखळता म्हणते.

लक्ष्मीबाईंशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या त्याच्याबरोबर नव्हत्या. चार-साडेचार वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपुरासारख्या ठिकाणी आपल्या माणसांत. त्यांच्यावर कुणी काही लादले नाही असे म्हणता येणार नाही. नवऱ्याने जो रस्ता धरला त्याची किंमत त्यांना न विचारता त्यांच्याकडून वसूल झाली होती. पण धर्म बदलण्याचा निर्णय त्यांनी आपल्या वेळेला आणि आपल्या कारणाने घेतला. त्यांच्या मनातून आधी सोवळे गेले. माणूस देवाने घडवला, जात माणसाने, हे एकदा त्यांना पटले तेव्हा हातातले पाणी कुणाचे हा प्रश्नच मिटला. मत त्यानंतर आले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्या मोकळेपणाने सांगितले आहे, तसे नवऱ्यालाही सांगता आले नसते. मंडळीच्या पुढाऱ्यांची यादी करताना आपण दीक्षा मिळालेल्या पुरुषांचीच करतो. अहमदनगरच्या मंडळीला, अनाथ मुलांना, प्लेगच्या दिवसांतल्या आजाऱ्यांना ज्यांनी सांभाळले त्या लक्ष्मीबाईंना पुढारी म्हणायला कुठल्या दीक्षेची गरज आहे?

टिळकांना स्वतःला १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. आणि १९१७ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, पण ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा तो दरबार. ज्याने बाप्तिस्म्यासाठी घर, जात, काही वर्षे बायकोमुलेही गमावली, तोच शेवटी बाप्तिस्म्याच्या कुंपणाबाहेरच्या माणसांनाही हाक मारत होता. मंडळीला हे पान आजही थोडे अडचणीचे वाटते. ते कुणी वगळून वाचू नये.

रमाबाईंविषयी इथे थोडक्यात लिहितो, कारण पुढे त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे लहान मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्यांच्या लेखनाचा त्या निर्णयात वाटा होता. पण त्यांच्या स्वतःच्या निवेदनानुसार तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. त्या मधल्या वर्षांत त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी जो पत्रव्यवहार केला त्यात जागोजागी वाद आहेत. चर्चने सांगितले म्हणून मी मान डोलावणार नाही, हा त्यांचा सूर होता. एका अधिकारातून सुटले ते दुसऱ्या अधिकारापुढे वाकायला नव्हे, हे त्यांनी बिशपांपर्यंत ऐकवले. आणि मग केडगावला मुक्तिसदन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर.

आता जालन्याकडे वळू. ज्यांची नावे वर आली त्या साऱ्यांनी लिहून ठेवले, किंवा त्यांच्याबद्दल कुणी ना कुणी लिहिले. ते जवळजवळ सारे शिकलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय घरांतले होते. नारायण शेषाद्री जालन्याला आल्यावर त्यांच्याकडे जे लोक आले ते त्यांच्यासारखे नव्हते. ते मातंग होते, महार होते, गावकुसाबाहेरचे होते. ब्राह्मण पाळक आणि मातंग मंडळी, एका ताटात, १८६० च्या दशकात, निजामाच्या राज्यात! आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो. ज्या गावात हे घडे तिथे विहीर बंद होई, काम बंद होई, झोपडी जाई. म्हणून शेषाद्रींनी या लोकांसाठी जालन्याजवळ वेगळी वस्ती उभारायचे ठरवले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बायबलमधले बेथेल हे नाव तिला दिले. तिथे शेती आली, कारागिरी आली, शाळा आणि उपासनामंदिर आले. १८७३ मध्ये इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद न्यूयॉर्कला भरली, तेव्हा तिथे बोलायला हेच शेषाद्री गेले होते, डोक्यावर पागोटे घालून. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

शेजारी औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रेव्हरंड रतनजी नवरोजी हे पारशी घरातून आलेले पाळक अनेक वर्षे पाहत होते. वैजापूरकडच्या घोगरगावला १८९२ पासून कॅथलिक धर्मगुरूंनी पाय रोवले. जालन्यातले मिशन हॉस्पिटल स्कॉटिश मिशनने उभारले. या साऱ्याचा तपशील पुढे येईल. मला इथे थांबायचे आहे ते बेथेलला राहायला आलेल्या माणसांपाशी.

त्यांच्या श्रद्धेचा प्रवास कसा झाला? त्यांच्यातल्या कुणी ‘अरुणोदय’ लिहिला नाही. मिशनच्या अहवालांत त्यांचे आकडे आहेत, कधी एखादे नाव आहे, पण त्यांचा आवाज नाही. आणि पाळक, शिक्षक, बायबल वूमन, गावोगाव पेटी-टाळ घेऊन हिंडणारे कीर्तनकार पुढे यांच्याच घरांतून निघाले. मराठवाड्यातल्या मंडळीचे पुढारपण दीडशे वर्षे ज्यांनी केले त्यांच्या आजोबा-पणजोबांनी का आणि कसे ठरवले, हे त्यांच्या तोंडून आपल्याकडे जवळजवळ नाही. इथेच ‘धान्यासाठी बाटले’ हे म्हणणे सर्वांत स्वस्त होते. होय, १८७६-७८ च्या आणि १८९७ ते १९०० च्या दुष्काळांत मंडळ्या वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. उपाशी माणूस जो घास देतो त्याच्याकडे जातो. पण दुष्काळ सरला, पाऊस पडला, धान्य बंद झाले, गावाने बहिष्कार चालू ठेवला, आणि तरी ज्यांनी रविवारची उपासना सोडली नाही, त्यांचे काय? गोऱ्यांच्या शंकेला आपण बुद्धीची शंका म्हणून मान देतो. मातंगवाड्यातल्या माणसाने पाण्याला शिवू न देणाऱ्या देवळाविषयी घेतलेली शंका काय कमी बुद्धीची होती? मला ती जास्त नेमकी वाटते.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगावे लागू नये. धर्म बदलणे ही विचारपूर्वक, जाहीरपणे, लाखोंच्या संगतीने करायची गोष्ट असू शकते हे याच भूमीने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पाहिले. त्याच्या एकवीस वर्षे आधी येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मग दोन दशके अभ्यास केला. कोणता धर्म का घ्यायचा, का नाही, याची इतकी खोल चिकित्सा दुसऱ्या कुणी केली नसेल. त्यात ख्रिस्ती मंडळींवरही त्यांची टीका होती. चर्चमध्ये जाऊनही जात जात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ती टीका खरी होती. ख्रिस्ती झालेल्या दलिताला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. शीख दलितांना त्या १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. म्हणजे आज मराठवाड्यातल्या गावात एखादे दलित कुटुंब कागदोपत्री ख्रिस्ती राहते, तेव्हा त्यात लाभ किती आणि तोटा किती याचा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

आजच्या पाळकांचे प्रवास जुन्यांसारखे नाहीत. पुष्कळजण ख्रिस्ती घरात जन्मलेले. त्यांच्यापुढे धर्म बदलण्याचा प्रश्न आलाच नाही, जे वारशाने मिळाले ते आपले म्हणून स्वीकारायचे की नाही हा प्रश्न आला. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनात हा प्रवास दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या गावातला मुलगा धर्मगुरू होतो, ज्ञानोबा-तुकोबांना आपले मानतो, ‘सुबोध बायबल’ लिहितो, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी गुंडांविरुद्ध उभा राहतो आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो. त्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतला तो एका धर्मगुरूने मराठीचे अध्यक्षपद का घ्यावे म्हणून. शेषाद्री प्रकरणाला तेव्हा पावणेदोनशे वर्षे होऊन गेली होती.

आमच्या भागात स्कॉटिश परंपरेतल्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. त्याशिवाय अलीकडे घराघरांतून भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा आहेत, ज्यांचे पुढारी कुठल्याही मोठ्या सेमिनरीत गेलेले नसतात. यांच्यातल्या काहींच्या बोलण्यात आजारपण बरे झाल्याची, दारू सुटल्याची गोष्ट वारंवार येते. शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला ती ऐकून अवघडल्यासारखे होते, मलाही कधीकधी होते. पण जिथे दवाखाना लांब आहे आणि सहा महिन्यांच्या ऊसतोडीची उचल एका हंगामात दारूत जाते, तिथे दारू सुटणे ही लहान गोष्ट नाही. गोरे काशीत बसून प्रमाणशास्त्रावर वाद घालत होते. इथल्या माणसाचे प्रमाण त्याच्या घरातल्या शांततेत असते. दोन्ही वाटांचे मोजमाप एकाच फुटपट्टीने करू नये, आणि कुठली वाट वरची असेही ठरवू नये. फसवणूक कुठे झाली असेल तर तिचाही छडा लागावा. श्रद्धेच्या नावाने पैसे उकळणारे पुढारी कुठल्याही धर्मात असतात, आणि त्यांच्या आड लपायची वेळ प्रामाणिक माणसांवर येऊ नये.

अंकुशनगर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. पूर्वेला घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जांब, पश्चिमेला गोदावरीकाठी नाथांचे पैठण. नाथांनी तापल्या वाळवंटातले पोर कडेवर घेतले ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते, ख्रिस्ती घरांतही. आपल्या श्रद्धेची भाषा आपल्याच मातीतून घ्यायची असते हे टिळकांनी ओळखले होते. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाने तर ते शब्दांत न मांडता आचरणात आणले. नाताळात आमच्याकडे भजन होते, टाळ वाजतात, पुरणपोळी होते.

या पुस्तकाचा वाचक ख्रिस्ती असेल तर त्याने ही चरित्रे आपल्या विजयाची गाथा म्हणून वाचू नयेत, आणि ख्रिस्ती नसेल तर आपल्या पराभवाची म्हणूनही वाचू नयेत. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने जे सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, ते या माणसांनी संविधान होण्याच्या शंभर वर्षे आधी, कुठल्याही संरक्षणाविना, स्वतःच्या जिवावर वापरले होते. मतभेद असले तरी एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

शेवटी जालना, अंबड, भोकरदन, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतल्या मंडळ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या उपासनामंदिरात बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरे असतील, लग्नाची असतील, दफनाची असतील. ती वाळवीच्या हवाली करू नका. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. आणि मंडळीत जे ऐंशी-नव्वदीचे वडीलधारे आहेत त्यांच्यापाशी बसा. त्यांच्या आजोबांना कुणी, कुठे, कशी ओळख करून दिली, गावाने काय केले, आजी तयार होती की नव्हती, विहिरीचे काय झाले, पहिली उपासना कुणाच्या अंगणात झाली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. साक्षीच्या साच्यात बसवू नका, वर्षे गाळू नका, भांडणे गाळू नका. या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ती प्रकरणे यायला हवीत, आणि ती लिहायला हाताशी असलेला वेळ फार थोडा आहे.

अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना